मराठी निवडली आणि चिन्हे गेली

शाळेच्या संगणक खोलीत भिंतीवर बहुधा एक कागद चिकटवलेला असतो. ‘संगणक नीट चालत नसल्यास काय करावे’ असे त्याचे शीर्षक असते आणि खाली क्रमाने चार-पाच उपाय दिलेले असतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. भाषा बदलली असल्यास पूर्ववत इंग्रजी करा. सेटिंगचे फोल्डर पुसून टाका. तरीही जमले नाही तर सर्व प्रणाली नव्याने भरून घ्या. एका शाळेतला कागद दुसऱ्या शाळेत उतरवून घेतला जातो, त्यामुळे मजकूर सगळीकडे साधारण सारखाच असतो.

पाठ्यपुस्तकांची परीक्षणे या मासिकासारख्या ठिकाणी नेहमी येतात. भिंतीवरच्या या कागदाचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. वास्तविक विद्यार्थी तो दर तासाला पाहतात. बिघाड म्हणजे काय आणि तो शोधायचा कसा, याविषयीची त्यांची कल्पना पुस्तकापेक्षा या कागदावरूनच अधिक घडते. म्हणून या लेखात आम्ही त्या कागदाकडे एखाद्या धड्याकडे पाहावे तसे पाहणार आहोत. त्यासाठी एकच बिघाड घेऊ. तो क्षुल्लक दिसतो, पण मराठी शाळांच्या दृष्टीने त्याचा परिणाम क्षुल्लक नाही.

बिघाड असा. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची भाषा सुरुवातीला इंग्रजी ठेवलेली असते. पुढे कोणी उत्साही शिक्षक ती बदलून मराठी करतात. पुन्हा लॉग-इन केल्यावर मेनू मराठीत दिसू लागतात आणि सगळ्यांना आनंद होतो. पण लगेच लक्षात येते की डेस्कटॉपवर मांडून ठेवलेली चिन्हे, म्हणजे आयकॉन, नाहीशी झाली आहेत. मुलांनी काढलेली चित्रे, टंकलेले निबंध, काही कार्यक्रमांची बटणे यांपैकी काहीच दिसत नाही. भिंतीवरचा कागद सांगतो, भाषा पूर्ववत करा. तसे केल्यावर चिन्हे परत येतात. निष्कर्ष निघतो की मराठीमुळे संगणक बिघडतो. पुढच्या वर्षी कोणी मराठीचे नाव काढले तर अनुभवी माणसेच त्याला थांबवतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. पण तो का चुकीचा आहे हे सांगणे वाटते तितके सोपे नाही, कारण अनुभव त्याच्या बाजूने उभा आहे. भाषा बदलली तेव्हा चिन्हे गेली, भाषा परत फिरवली तेव्हा ती आली. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ असा निव्वळ योगायोग यात नाही. भाषा आणि चिन्हे यांचा संबंध खरोखरच आहे, फक्त तो लोक समजतात तसा नाही. तो कसा आहे हे कळण्यासाठी डेस्कटॉप म्हणजे काय ते आधी पाहू.

पडद्यामागचे कपाट

संगणकाच्या पडद्यावर चित्रचिन्हे मांडण्याची कल्पना जुनी आहे. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रबंधात ‘आयकॉन’ हा शब्द या अर्थाने वापरला. झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकावर १९८१ साली अशी चिन्हे बाजारात आली आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घरोघरी ओळखीची केली. कल्पना अशी की पडदा म्हणजे कचेरीतील टेबल. टेबलावर जसे कागद आणि फाईली पडलेल्या असतात, तशी पडद्यावर चिन्हे असतात.

ही उपमा सोयीची आहे, पण ती एक गोष्ट लपवते. चिन्ह म्हणजे फाईल नव्हे. फाईल तबकडीवर एका फोल्डरमध्ये असते. एक स्वतंत्र कार्यक्रम त्या फोल्डरमध्ये काय काय आहे ते वाचतो आणि प्रत्येक गोष्टीसाठी पडद्यावर एक चित्र काढतो. डेस्कटॉप म्हणजे अशा रीतीने एका साध्या फोल्डरचे पडद्यावर लावलेले प्रदर्शन आहे. प्रदर्शन बंद पडले म्हणून वस्तू नष्ट होत नाहीत.

आता प्रश्न उरतो तो असा: चित्रे काढणाऱ्या कार्यक्रमाला कोणता फोल्डर वाचायचा हे कसे कळते? लिनक्सवर ते एका छोट्या मजकूर-फाईलमध्ये लिहिलेले असते. वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. (ज्या फाईलचे किंवा फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते ते लिनक्समध्ये एरवी दाखवले जात नाही, म्हणून ‘लपलेला’.) त्यात ‘युजर-डर्स’ या नावाची फाईल असते. तिच्यात आठ ओळी असतात. डेस्कटॉपसाठी अमुक फोल्डर, उतरवून घेतलेल्या फाईलींसाठी अमुक, कागदपत्रांसाठी अमुक, तसेच चित्रे, संगीत, चित्रफिती, साचे आणि सार्वजनिक वापराच्या फाईली यांच्यासाठी अमुक, अशी ही नोंद असते. ती कोणालाही उघडून वाचता येते.

संगणकाची भाषा बदलली की ग्नोमसारख्या मांडणीत पुढच्या लॉग-इनच्या वेळी एक चौकट येते. तुम्ही नव्या भाषेत प्रवेश केला आहे, तर नेहमीच्या फोल्डरांची नावेही या भाषेत करायची का, असा प्रश्न ती विचारते. जुनी नावे ठेवा आणि नावे बदला, असे दोन पर्याय असतात. आधीच्या फोल्डरांतील मजकूर हलवला जाणार नाही, अशी सूचनाही चौकटीत असते. घाईत असलेला माणूस ‘बदला’ दाबतो. मराठी हवी म्हणूनच तर त्याने भाषा बदललेली असते.

यानंतर प्रत्यक्षात काय घडते? मराठी नावाचे नवे, रिकामे फोल्डर तयार होतात. आठ ओळींच्या फाईलमध्ये जुन्या फोल्डरांच्या जागी नव्यांची नावे लिहिली जातात. जुन्यांपैकी जे रिकामे असतील ते काढून टाकले जातात, ज्यांत काही आहे ते जागच्या जागी राहतात. चिन्हे काढणारा कार्यक्रम आज्ञाधारकपणे नवा फोल्डर उघडतो. तो रिकामा असल्याने पडद्यावर काहीच काढत नाही.

शाळेच्या कचेरीतले उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहिले आहे, ‘हजेरीपट कपाट क्रमांक ३ मध्ये’. सुट्टीत कोणी नवे कपाट आणून फळ्यावर ‘कपाट क्रमांक ४’ असे लिहिले, पण हजेरीपट हलवले नाहीत. शिपाई फळा वाचून चौथे कपाट उघडतो आणि सांगतो की हजेरीपट नाहीत. शिपायाची चूक नाही, नव्या कपाटाचीही नाही. हजेरीपट तिसऱ्या कपाटात सुखरूप आहेत.

चुकीचे कारण, लागू पडणारा उपाय

आता भिंतीवरच्या कागदातील उपाय या माहितीच्या उजेडात तपासून पाहू.

पहिला उपाय, संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. याने संगणकाची चालू स्मृती रिकामी होते आणि सर्व कार्यक्रम पहिल्यापासून सुरू होतात. चिन्हे काढणारा कार्यक्रमच मध्ये अडकला असेल तर हा उपाय नक्की लागू पडतो. आपल्या बिघाडात मात्र चुकीचा पत्ता तबकडीवरच्या फाईलमध्ये लिहिलेला आहे. संगणक शंभर वेळा सुरू केला तरी ती फाईल तशीच राहणार. उपाय वाईट नाही, पण तो कोणत्या कारणावर चालतो आणि कोणत्या कारणावर नाही, याबद्दल कागदावर एक अक्षरही नसते.

दुसरा उपाय, भाषा पूर्ववत करणे. याने चिन्हे परत येतात हे खरे. कारण इंग्रजीत परतल्यावर तीच चौकट पुन्हा येते, पुन्हा ‘बदला’ दाबले जाते आणि फाईलमधील पत्ता जुन्या फोल्डरकडे वळतो. उपाय चालला तो पत्ता बदलल्यामुळे. श्रेय मात्र इंग्रजीला गेले आणि दोष मराठीला. शिवाय याची एक किंमत आहे. मधल्या दिवसांत मुलांनी जे काही मराठी नावाच्या फोल्डरमध्ये साठवले असेल, ते आता डेस्कटॉपवरून दिसेनासे होते. एका वर्गाची चिन्हे परत आली तेव्हा दुसऱ्या वर्गाची गेली, आणि याची कोणी नोंदही घेत नाही.

तिसरा उपाय, सेटिंगचे लपलेले फोल्डर पुसणे. आपल्या बिघाडात याने काय होईल? पत्त्याची फाईल पुसली जाईल, आणि पुढच्या लॉग-इनला ती नव्याने तयार होईल. पण ती चालू भाषेप्रमाणे, म्हणजे पुन्हा मराठी फोल्डरकडेच बोट दाखवणारी असेल. चिन्हे येणार नाहीतच. अनेक कार्यक्रमांत शिक्षकांनी लावून ठेवलेल्या आवडीनिवडी मात्र पुसल्या जातील. आता बिघाड एकाचे दोन झाले.

चौथा उपाय, तबकडी साफ करून प्रणाली नव्याने भरणे. याने डेस्कटॉप नवा कोरा होतो आणि तक्रार मिटते. पण जुन्या फोल्डरमध्ये मुलांचे सर्व काम तोवर सुरक्षित पडून होते. ते आता गेले. इतके दिवस जे केवळ दिसत नव्हते, ते या उपायाने खरोखर नाहीसे झाले.

या यादीवर आमचा मुख्य आक्षेप असा आहे की सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जाताना मध्ये एकही प्रश्न विचारला जात नाही. एक औषध चालले नाही तर त्याहून जालीम औषध द्या, एवढेच तिचे शास्त्र. औषध चालले नाही यावरून आजाराविषयी काही तरी कळते, ही जाणीव तिच्यात नाही. आणि जेव्हा एखादा उपाय चालतो तेव्हा तर शोध तिथेच थांबतो. विज्ञानाच्या शिक्षकाने या ठिकाणी अधिक सावध असायला हवे. चुकीच्या कल्पनेतूनही बरोबर भाकीत निघू शकते. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानूनही उद्याचा सूर्योदय सांगता येतोच.

खापरखेड्याच्या मुलांना हे सांगावे लागू नये

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. तिथल्या शाळांतील अनेक मुलांच्या घरचे कोणी ना कोणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा आसपासच्या कोळसा खाणींत काम करते. केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक संच आहे, म्हणजे एकूण क्षमता १३४० मेगावॅट. पहिला संच १९८९ साली उभा राहिला, पाचवा २०११ साली. गावातल्या मुलांना ‘संच ट्रिप झाला’ हे शब्द नवे नाहीत.

औष्णिक केंद्रात संच अचानक बंद पडला तर काय करतात, हे त्या मुलांनी घरी विचारावे असे आम्ही सुचवू. बॉयलर बंद पडताच नियंत्रण कक्षात एकामागून एक अनेक इशारे लागतात, कारण एक गोष्ट थांबली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी थांबतात. सगळे दिवे लागल्यावर कोणता दोष मूळचा आणि कोणते त्याचे परिणाम, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून यंत्रणेतच अशी सोय असते की सर्वांत आधी आलेला इशारा वेगळा नोंदला जातो आणि पुढच्या घटना क्रमाने, वेळेसह टिपल्या जातात. अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो ‘आधी काय झाले?’ हा.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. बंद पडलेला बॉयलर लगेच पेटवता येत नाही. भट्टीत न जळलेली कोळशाची भुकटी किंवा तेलाची वाफ राहिली असेल तर ठिणगी पडताच स्फोट होऊ शकतो. त्यामुळे सुमारे पाच मिनिटे भट्टीतून भरपूर हवा खेळवून ती स्वच्छ करावी लागते. ही अट पुरी झाल्याशिवाय यंत्रणा इंधनाला वाटच देत नाही. ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ हा उपाय तिथे इतका धोक्याचा मानला आहे की तो यंत्रानेच अडवला आहे.

शाळेतला संगणक म्हणजे बॉयलर नव्हे, हे आम्हालाही कळते. तिथे स्फोट होणार नाही. पण ज्या गावात घरोघरी बिघाडाचे कारण शोधण्याची एवढी शिस्त नांदते, त्याच गावातल्या शाळेच्या भिंतीवर त्याच्या नेमका उलट धडा असावा, हे विसंगत आहे. पालकांच्या कामातले शहाणपण वर्गात आणायला यापेक्षा सोपी संधी मिळणार नाही.

दोन तासिकांचा प्रयोग

हा बिघाड मुद्दाम घडवून आणता येतो, आणि कोणाचेही नुकसान न करता. त्यासाठी संगणकावर ‘प्रयोग एक’ आणि ‘प्रयोग दोन’ असे दोन नवे वापरकर्ते तयार करावेत.

‘प्रयोग एक’मध्ये भाषा इंग्रजी ठेवून डेस्कटॉपवर चार-पाच फाईली बनवाव्यात. मग भाषा मराठी करून पुन्हा लॉग-इन करावे, आणि चौकट आली की ‘बदला’ निवडावे. चिन्हे जातील. आता वर्गासमोर दोन कल्पना मांडाव्यात. पहिली: मराठीमुळे चिन्हे दाखवण्याची शक्तीच बिघडते. दुसरी: चिन्हे दाखवण्याची शक्ती ठीक आहे, पण ती दुसऱ्याच फोल्डरकडे पाहते आहे. मुलांनी प्रत्येक कल्पनेवरून पुढे काय दिसायला हवे ते आधी वहीत लिहावे. हे लिहिणे टाळू नये. पाहिल्यानंतर सगळेच म्हणतात की मला माहीत होते.

पहिली तपासणी: ‘होम’ फोल्डर उघडून पाहावा. दुसरी कल्पना खरी असेल तर तिथे दोन डेस्कटॉप फोल्डर दिसतील, एक इंग्रजी नावाचा भरलेला आणि एक मराठी नावाचा रिकामा.

दुसरी तपासणी: भाषा मराठीच ठेवून जुन्या फोल्डरमधील फाईली नव्यात ओढून आणाव्यात. पहिली कल्पना खरी असेल तर काही होणार नाही. दुसरी खरी असेल तर चिन्हे डोळ्यांदेखत परत येतील. (कार्यक्रम सुरू करणारी बटणे असतील तर काही मांडण्यांमध्ये त्यांना ‘चालवण्याची परवानगी’ पुन्हा द्यावी लागते.)

तिसरी तपासणी निर्णायक आहे. ‘प्रयोग दोन’ या वापरकर्त्याने पहिल्या लॉग-इनपासूनच मराठी निवडावी. त्याचे फोल्डर सुरुवातीलाच मराठी नावांचे बनतात आणि पत्ताही त्यांचाच लिहिला जातो. त्याच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल लगेच दिसते आणि पुन्हा लॉग-इन केल्यावरही दिसते. म्हणजे मराठीत चिन्हे उत्तम चालतात. यात भाषा तीच, संगणक तोच आणि कार्यक्रमही तेच आहेत. फरक एवढाच की मध्येच पत्ता बदललेला नाही. वनस्पतींच्या प्रयोगात आपण एक कुंडी अंधारात आणि दुसरी उजेडात ठेवतो, तसाच हा तुलनेचा प्रयोग आहे.

शेवटी लपलेली फाईल उघडून डेस्कटॉपची ओळ मुलांना वाचायला द्यावी. ज्या गोष्टीचा दोन तास शोध घेतला ती एका ओळीत लिहिलेली पाहून मुलांना जो आनंद होतो तो व्याख्या पाठ करून होत नाही.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘चिन्हे नीट दिसत नाहीत’ या एका तक्रारीमागे वेगवेगळी कारणे असू शकतात, आणि वरचे उत्तर प्रत्येकाला चिकटवू नये. चिन्हांबरोबर पार्श्वभूमीचे चित्रही गेले आणि उजव्या बटणाचा मेनूही येत नसेल, तर हलक्या मांडण्यांमध्ये बहुधा चित्र काढणारा कार्यक्रमच थांबलेला असतो. चिन्हे आहेत पण त्यांची चित्रे जाऊन सगळीकडे एकसारखी कोरी चित्रे आली, तर चित्रांचा संच सापडत नाही किंवा त्या प्रकारचे चित्र वाचणारा भाग नीट बसलेला नाही. एकाच कार्यक्रमाचे चित्र नसेल तर त्याच्या नोंदीत चित्राचे नाव चुकले असेल. नवे चित्र बसवूनही जुनेच दिसत असेल तर लवकर सापडावीत म्हणून करून ठेवलेली चित्रांची जुनी सूची अद्याप वापरात असते. आणि चित्र ठीक पण खाली नावाच्या जागी चौकोन असतील तर देवनागरीचा फाँट नाही. काय गेले आणि काय राहिले, हे नीट पाहिले तर यांतले बरेच पर्याय कशालाही हात न लावता गळून पडतात.

दोष एकट्या कागदाचा नाही

सगळा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्यांनी ही सोय रचली त्यांनाही काही विचारायला हवे. मजकूर हलवला जाणार नाही ही सूचना चौकटीत आहे हे मान्य. पण त्याचा परिणाम म्हणून तुमचा डेस्कटॉप रिकामा दिसेल, हे तिथे नाही. आणि नंतर रिकाम्या पडद्यावर ‘तुमच्या आधीच्या फाईली अमुक फोल्डरमध्ये आहेत’ असे सांगणारी एक ओळही नसते. याचे आणखी एक भावंड आहे. डेस्कटॉपचा फोल्डरच कोणी पुसला तर पुढच्या लॉग-इनला प्रणाली ‘होम’ फोल्डरलाच डेस्कटॉप मानते आणि घरातले सगळे सामान अंगणात मांडावे तसे सर्व फोल्डर पडद्यावर येतात. प्रणालीने आपल्यापरीने अडचणीतून वाट काढली, पण काय केले ते सांगितले नाही. न बोलता केलेली मदत पुष्कळदा बिघाडापेक्षा जास्त गोंधळात टाकते.

हे म्हणताना लिनक्सचा एक गुण नोंदवला पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आणि तिच्याभोवती वाढलेले कार्यक्रम सर्वांना पाहण्यासाठी, बदलण्यासाठी खुले आहेत. आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली तिच्यावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह काढली. केरळमध्ये सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मोठ्या प्रमाणावर याच प्रणालीवर चालते. तिच्यातला बिघाड कुलूपबंद पेटीत नसतो. पत्ता कुठे लिहिला आहे ते पाहता येते, हाताने दुरुस्तही करता येते. अशा उघड्या यंत्रासाठी बंद यंत्राचे उपायपत्रक वापरायचे म्हणजे काचेच्या पेटीपुढे डोळे मिटून उभे राहण्यासारखे आहे.

शिक्षकांची अडचणही आम्ही जाणतो. पस्तीस मिनिटांची तासिका, संगणक थोडे, मुले जास्त, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळतात ते पायऱ्या क्रमाने केल्याबद्दल. ‘अमुक मेनू उघडा, तमुक निवडा’ अशीच उत्तरे अपेक्षित असतील तर बिघाडाकडेही मुले पायऱ्यांचीच यादी मागणार. त्या तासाला काम अडू नये म्हणून शिक्षकाने पटकन जमेल तो उपाय केला तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. आमचे म्हणणे एवढेच की तातडीचा उपाय आणि शोधलेले कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भिंतीवरचा कागद पहिलीला दुसरीच्या नावाने शिकवतो.

यात पणाला काय लागले आहे ते पुन्हा सांगतो. संगणकाचे मेनू मराठीत यावेत म्हणून भाषांतरकारांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाला ‘जतन करा’ हा शब्द वाचता येतो, त्याच्यासाठी ते काम आहे. एका रिकाम्या फोल्डरमुळे शाळा ती सोय सोडून देते आणि ‘मराठी आली की यंत्र बिघडते’ हा समज मुले घेऊन बाहेर पडतात. असा समज एकदा बसला की तो संगणकापुरता राहत नाही.

म्हणून जुना कागद काढून त्या जागी पुढील चार प्रश्न लावावेत, अशी आमची सूचना आहे.

१. नक्की काय दिसत नाही, आणि काय अजून नीट दिसते आहे?

२. बिघाडाच्या आधी शेवटचा बदल कोणता केला होता? कोणती चौकट आली, तिला काय उत्तर दिले?

३. दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यातही हेच होते का?

४. ज्या फाईली दिसत नाहीत त्या शोधल्यावर सापडतात का? हे कळेपर्यंत काहीही पुसू नये.

चारही उत्तरे वहीत लिहिल्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते लिहावे. वेळ जुन्या यादीपेक्षा फारसा जास्त लागत नाही. खापरखेड्यातल्या एखाद्या वर्गाने हे पत्रक लावले, तर दुसरा प्रश्न वाचून तिथल्या मुलांना तो घरी ऐकल्यासारखा वाटेल.